पळसाचा देह

वसईहून परत आल्यापासून आमच्या वाईची मंडळी मला किल्ल्याविषयी विचारतात, केळ्यांविषयी विचारतात आणि समुद्र गावापासून किती लांब आहे हेही विचारतात. किल्ला मी पाहिला नाही. केळी खाल्ली, ती एकादशीच्या उपासाला. समुद्र केवळ ऐकला. सुरूच्या बनापलीकडे तो होता आणि तिकडे जावेसे वाटले नाही. मी तेथे माझ्या भाच्याचे दहन करण्यासाठी गेलो होतो, आणि दहन करावयास देह नव्हता.

हे वाक्य ज्यांना चमत्कारिक वाटेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. माझी धाकटी बहीण वत्सला वसईजवळच्या निर्मळच्या एका बागायतदार घरात दिली. यजमान जाऊन बराच काळ लोटला. तिचा धाकटा मुलगा मुकुंद बारा वर्षांपूर्वी एका सकाळी सोनचाफ्याच्या पुड्या घेऊन दादरच्या फूलबाजारात गेला. फुले विकली गेली, हे बाजारातल्या लोकांनी सांगितले. मुकुंद परतला नाही. पोलीस झाले, इस्पितळे झाली, वर्तमानपत्रात छायाचित्र झाले. ज्योतिष्यांनी त्याला कधी उत्तरेस नेले, कधी दक्षिणेस. पोलिसांनी कोठेच नेले नाही.

देशांतरास गेलेल्या ज्या मनुष्याची बारा वर्षे वार्ता नाही, त्याच्यासाठी आमच्या धर्मशास्त्रात पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या देठांचा पुरुषाकृती देह करावयाचा, दर्भाने बांधावयाचा, मस्तकाच्या ठिकाणी नारळ ठेवावयाचा आणि त्या देहास अग्नी द्यावयाचा. हा विधी मी पूर्वी दोन घरांत केला होता आणि दोन्ही ठिकाणी त्यानंतर एक प्रकारचा निवांतपणा आलेला पाहिला होता. वाट पाहणे हेही एक व्यसन आहे आणि शास्त्राने ते सोडविण्याची सोय करून ठेवली आहे, अशी माझी समजूत होती. म्हणून थोरला भाचा सुहास याचा फोन आला तेव्हा मी कार्तिकी अमावास्या सुचवली, दर्भाची जुडी पिशवीत घातली आणि निघालो.

विरार

सुहास विरारला एका उंच इमारतीत राहतो. वाईला पाहुणा दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात. येथे सुहासची पत्नी मेधा दार उघडताच म्हणाली, "मामा, पाय पुसूनच या हं. टँकर अजून आलेला नाहीये." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, पाण्याविषयी ज्या स्वरात आम्ही दुष्काळात बोलतो, तोच स्वर होता. स्नानाला अर्धी बादली मिळाली. संध्या मी पळीभर पाण्यात उरकली. खिडकीतून समोर पाहिले, तर बांधकाम चाललेल्या एका इमारतीवर भलामोठा फलक होता आणि त्यावर निळ्याशार पोहण्याच्या तलावात एक कुटुंब हसत उभे होते.

जेवताना सुहासचा फोन वाजला. "हो, हो. अमावास्येला विधी आहे," तो म्हणाला. "त्यानंतर आई सही करेल. पुढच्या आठवड्यात बसू आपण." त्याने फोन पालथा ठेवला आणि मला आमटी वाढू लागला.

"कसली सही रे?" मी विचारले.

"तुमच्यापासून काय लपवू, मामा? बिल्डर आहे. बाग मागतोय. आई, मुकुंद आणि मी, अशी तीन नावं आहेत सातबारावर. मुकुंदचं काय ते कोर्टातून करून घेता येतं, पण आईनं तिथे सांगायला हवं की मुलाची काही खबर नाही. ती म्हणते, मी हे तोंडाने बोलणार नाही. वकील हात टेकून बसलाय. तुम्ही विधी केलात की ती मानेल. तुमचा शब्द तिनं कधी मोडला नाही."

"म्हणजे मुहूर्त बिल्डरने काढला."

"अमावास्या तुम्हीच सांगितलीत."

ते खरे होते.

"तुम्हाला मी लोभी वाटत असेन," सुहास म्हणाला. मेधा आत निघून गेली. "चारी बाजूंनी भराव पडलाय, मामा. पाण्याला जायला वाट नाही. पावसाळ्यात बागेत कमरेएवढं पाणी साचतं आणि ते आठवडाभर हलत नाही. विहीर खारी होत चालली. त्या पाण्यातून मागच्या वर्षी आईला मी खांद्यावर घेऊन बाहेर काढलंय. मुकुंद गेला, तर तो सगळ्यांचा लाडका झाला. मी राहिलो, तर मला कोणी विचारत नाही."

हा मुलगा खोटे बोलत नव्हता, आणि तेच मला अधिक कडू लागले. त्याला खोटे ठरवता आले असते तर मी दुसऱ्या दिवशी दर्भाची जुडी घेऊन वाईला परतलो असतो.

निर्मळ

एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. रिक्षावाला मला सारखा आरशातून पाहत होता. "जत्रेला ना, बाबा? सुकेळी घेऊन ठेवा. नंतर मिळनार नाय. बनवनारेच कमी झालेत, सगळ्यांनी टॉवर लावलेत वाडीत." मी जत्रेला आलो नाही असे म्हणालो, तेव्हा त्याने उदारपणे मला क्षमा केली. "मग दर्शन तरी घ्या. आलात तर फुकट कशाला जायचं?"

टेकडीवर शिवमंदिर, खाली तळे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने. आमच्याकडे जत्रेत क्रूस घातलेल्या बायका नारळाचा भाव करताना दिसत नाहीत. येथे दिसतात, आणि दुकानदार त्यांना नावाने हाका मारतो. मी दर्शन घेतले. काय मागावे हे सुचले नाही. मुकुंद जिवंत असावा असे मागितले, तर मी करावयास आलेले कर्म व्यर्थ. सद्गती मागितली, तर त्याला मीच मारल्यासारखे. हात जोडून रिकाम्या मनाने पायऱ्या उतरलो.

वत्सला बागेत होती. बांबूच्या मांडवावर सोललेली राजेळी केळी ओळीने मांडलेली होती आणि ती एकेक उलटत होती. ही केळी काही दिवस उन्हात वाळवून, रोज सायंकाळी झाकून, मधासारखी तांबूस झाली की त्यांची सुकेळी होते. आकाशात अवेळी ढग होते.

"आलास, दादा? हात धू आणि ती पलीकडची ओळ उलटायला घे," ती म्हणाली.

मी हात धुतले. पाणी जिभेला लावून पाहिले. सुहास म्हणाला तसेच होते.

"ढग आहेत, वत्सू. आज झाकून ठेवावीस हे बरे."

"झाकली तर बुरशी येते. पाऊस आला तर कुजतात. त्यातलं एक निवडायचं." तिने एक तयार सुकेळे माझ्या हातावर ठेवले. "खा. उपासाला चालतं. उद्या तुला मुलगा जाळायचाय का परवा?"

"उद्या नाही, परवाही नाही. अमावास्येला."

"बरं. मग तोवर जीव लाव या केळ्यांना."

अशी ती पूर्वीपासूनच. लहानपणी वडील आम्हा भावांना रूपे घोकायला बसवीत तेव्हा ही दारामागून चुका काढी. तरीही रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर ती चप्पल घालून निघाली आणि "सरांच्या ओटीवर जाऊन येते, आज अस्तित्ववाद आहे," असे म्हणाली, तेव्हा मी हातातले पुस्तक मिटले.

"काय आहे?"

"अस्तित्ववाद. इनास सर शिकवतात. पलीकडच्या आळीतले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आता रिटायर झालेत. तीन वर्षं जाते मी."

"अगं, पण तुझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यातले तुला..."

"प्रश्न पडायला बी.ए. व्हावं लागतं का रे?"

मीही गेलो. ओटीवर सात-आठ माणसे होती: निवृत्त शिक्षिका, टपालातला एक गृहस्थ, फुलवाली एक बाई. बहुतेक ख्रिस्ती, दोघे-तिघे हिंदू. इनास सर कृश, उंच, पांढऱ्या सदऱ्यातले. घरात पत्नीच्या छायाचित्रापुढे मेणबत्ती तेवत होती. ते आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हते. शिकवू लागले की पुस्तकी मराठीत येत. त्या दिवशीचा विषय असा होता, की उद्या कसा असेल हे कोणालाच ठाऊक नाही, अशा काळात मनुष्याने कशावर उभे राहावे. फुलवाली म्हणाली, "सर, उभं राहायला आधी जागा पायजे ना. आमच्या घराखालून रस्ता नेतायत." सगळे हसले. सरही हसले, पण त्यांनी उत्तर दिले नाही, आणि मला ते आवडले.

डोंगराकडे

दुसऱ्या दिवशी सुहास एक खोके घेऊन आला. विधीसाठी पळस लागेल असे मी कळविले होते आणि त्याने तो मोबाइलवरून मागवला होता. खोके उघडले. आत पळसाच्या पत्रावळी निघाल्या. चोया टोचून शिवलेल्या, प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या, शंभर.

"पळस लिहिलं होतं, मामा. मला काय कळणार?"

"अरे, देठ हवेत. पत्रावळींचा देह कसा करणार?"

वत्सलेने एक पत्रावळ उचलून उजेडात धरली. "त्याला काय, जेवायला बसव. दुपारी जेवायला येतो असंच सांगून गेला होता तो."

सुहास आपल्या चपलांकडे पाहत राहिला. मी खोके मिटले.

शेवटी पळस आणायला मला इनास सर घेऊन गेले. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची जमीन होती आणि तिच्या बांधावर पळस होते. सर स्कूटर चालवीत होते, मागे मी, धोतराचा सोगा एका हाताने सावरीत. महामार्गावर एका ट्रकवाल्याने आम्हाला पाहून डोक्याला हात लावला.

वाटेत एका चर्चजवळ त्यांनी स्कूटर थांबवली. वत्सलेने दिलेली फुले त्यांनी आपल्या पत्नीच्या थडग्यावर ठेवली. नोव्हेंबर हा त्यांच्याकडे मृतांचा महिना. बहुतेक थडगी धुतलेली होती, मेणाचे ओघळ अजून होते. आमच्याकडे मृतांसाठी पक्ष असतो आणि आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावतो. हे त्यांच्याकडे जातात. कोणते बरे, हे मला ठरवता आले नाही.

"तुमच्याकडे देह आहे, सर," मी म्हणालो.

"आहे. म्हणून माझं दुःख सोपं, शास्त्रीबुवा. त्याला पत्ता आहे."

पळसाखाली आम्ही देठ खुडत बसलो. हातांना काम असले की वाद सौम्य होतो. मी म्हणालो, "तुमचे हे तत्त्वज्ञान युद्धात पोळलेल्या, देव हरवून बसलेल्या परदेशी लोकांचे. ते माझ्या बहिणीला काय देणार?"

"देव हरवलेल्यांचं आहे, तसंच देव न सोडलेल्यांचंही आहे. मी सकाळी चर्चमध्ये मिस्सा ऐकतो आणि दुपारी शंका घेतो. मला दोन्ही लागतात."

"पण त्यात सांगितले काय आहे?"

"फार नाही. माणूस आधी असतो. तो कशासाठी आहे, हे नंतर त्याच्या वागण्यातून ठरत जातं. आधीपासून कोणी लिहून ठेवलेलं नसतं."

"आमच्याकडे हे नेमके उलट आहे. जन्माच्या आधी संस्कार आहेत, मरणानंतरही आहेत. मधल्या प्रत्येक पावलाला मंत्र आहे."

"मुकुंदच्या पावलाला कुठला?" त्यांनी शांतपणे विचारले. "मेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर बातमी नाही. तुमचं शास्त्र, माझ्या चर्चमधली माणसं, सुहासचा वकील, सगळे वत्सलाबायला एकच सांगतायत: बाई, एकदा काय ते मान. तू ठरवशील ते चालेल, असं कोणी म्हणत नाही."

मी पुढचा देठ खुडला.

"आणि आशा?" मी विचारले. "तिचा मुलगा येईल, अशी आशा तुम्ही तिला लावून ठेवली आहे काय?"

"येईल असं म्हणणं म्हणजे अंदाज. अंदाज हवामान खातं करतं, आणि सुकेळीवाल्यांना विचारा ते किती खरे होतात. वर ढग दिसत असूनही तुमची बहीण केळी मांडते ना? ऊन पडेल याची खात्री आहे म्हणून नाही मांडत. केळी सोलून झालेली आहेत म्हणून मांडते. मी त्याला आशा म्हणतो. याहून मोठी आशा माझ्याकडे नाही."

वाक्य चांगले होते. चांगल्या वाक्यांवर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. मी स्वतः ती आयुष्यभर लोकांच्या दारी पोचवीत आलो. एका तरुण विधवेला 'आत्मा मरत नाही' असे सांगून मी दक्षिणा न घेता उठलो होतो आणि त्या उदारतेवर आठवडाभर प्रसन्न होतो. तिचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. आम्ही देठांची मोळी स्कूटरच्या पुढच्या भागात ठेवली. सर तिच्या दोन्ही अंगांना पाय फाकवून बसले आणि आम्ही परतलो.

अमावास्या

स्मशान गावाच्या कडेला, खाजणाजवळ आहे. सुहास, शेजारचे दोघे आणि मी, इतकेच होतो. पूर्वी या विधीला खाली मृगाजिन, म्हणजे हरणाचे कातडे, अंथरीत. कायद्याने आणि करुणेने ते गेले, हे योग्यच झाले. मी कांबळे अंथरले. देठ मांडले: कंठ, बाहू, वक्ष, पाय, शास्त्रात सांगितले आहेत तितके. दर्भाने बांधले. पळसाचा देह प्रथम जुडगा दिसतो. मग नारळ ठेवला की तो एकाएकी कोणीतरी होतो. ते मला ठाऊक होते, तरी माझा हात थांबला.

तेवढ्यात वत्सला आली. मागे काही अंतरावर इनास सर होते. आमच्याकडे स्त्रिया स्मशानात येत नाहीत.

"आई, तू इथे कशाला आलीस?" सुहास पुढे झाला.

"माझ्या मुलाला जाळताय. मला बोलवायचं राहून गेलं असेल, म्हटलं." ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कांबळ्याकडे पाहत राहिली. "उंच केलास, दादा. एवढा नव्हता तो."

मी पायांचे देठ आखूड केले. याला आधार काय, असे कोणी विचारले असते तर माझ्यापाशी नव्हता.

मग तिने विचारले, "हे झालं आणि तो आला तर?"

कावळे ओरडत होते. शेजारचे दोघे मागे सरले. सुहासने माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्याचा अर्थ अगदी स्पष्ट होता: 'येणार नाही' एवढेच म्हणा. एक शब्द. ती तो मोडणार नव्हती. त्या एका शब्दाने सगळ्यांची वाट मोकळी होणार होती; कदाचित तिचीही.

पण शास्त्रात या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते मला पाठ होते.

"आला तर," मी म्हणालो, "त्याला तुपाच्या कुंभात बसवून बाहेर काढतात. तो नव्याने जन्मला असे समजून जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करतात. नाव पुन्हा ठेवतात. मुंज पुन्हा लावतात."

"हे शास्त्रात लिहिलंय?"

"लिहिले आहे."

"म्हणजे जाळायला सांगणाऱ्यांनाही खात्री नव्हती."

"नसावी."

ती हसू लागली. पदर तोंडाला लावून हसत राहिली. "म्हणजे या वयात मला बाळंतीण करून ठेवलीस तू! एवढं तूप कुठून आणायचं रे?" मागून इनास सरांचेही हसू ऐकू आले. सुहास मात्र पांढरा पडला होता.

"मामा, हे आत्ता सांगायलाच हवं होतं का?"

"तिने विचारले," मी म्हणालो.

वत्सलेने डोळे पुसले. "सुहास, पेटव तू."

"आई?"

"पेटव. बारा वर्षं ती बाग मी त्याची म्हणून राखली. एक झाड तोडलं तर तो येऊन विचारेल, एक लावलं तरी विचारेल. मी त्याची राखणदार झाले होते, रे. आता विचारायला कोणी येणार नाही असं धरून मला एकदा तिच्यात उभी राहू दे. तो मेला असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही. पण वाट बघणं मी आज थांबवते. ते माझं मी ठरवलंय. दादाने नाही, कोर्टाने नाही."

"आणि सही?" सुहासने लगेच विचारले. विचारून झाल्यावर तो स्वतःच लाजला असावा. पण शब्द गेला होता.

"सही नाही."

"मग हे सगळं कशासाठी केलं आम्ही?"

"तुला सुटका हवी होती, मलाही हवी होती. तुझी वेगळी निघाली, माझी वेगळी."

"पुढच्या पावसात बुडेल बाग. तू सुद्धा."

"बुडेल."

"मग मी येणार नाही काढायला."

"येशील," वत्सला म्हणाली. "तेवढा चांगला आहेस तू. तेच तर वाईट झालं तुझं."

सुहासने अग्नी दिला. पळस ओला होता. आधी नुसता धूर झाला, मग तूप लागले तसा जाळ धरला. नारळ तडकला तेव्हा वत्सलेने माझे मनगट घट्ट धरले. तिची नखे रुतली. ती रडली नाही. मी तिच्या तोंडाकडे तो निवांतपणा शोधीत होतो, जो मी त्या दोन घरांत पाहिला होता. तो तेथे नव्हता. मग मला असेही वाटले, की त्या दोन घरांतही तो नसावा. मला निघायची घाई होती आणि त्या बायका माझ्यापुढे गप्प बसल्या होत्या, इतकेच.

सुहास माझ्याशी न बोलता गेला. नमस्कारही केला नाही. आजतागायत त्याचा फोन नाही. विधी सांगून अर्थ न लपवणाऱ्या मामाचा राग येणे मी समजू शकतो. बिल्डरच्या तारखेला मीच तिथीचे नाव दिले होते. तो जर मला दोष देत असेल, तर त्यात माझा वाटा आहे.

सुतक

तीन दिवसांचे आशौच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर जप करीत बसलो होतो. शेजारच्या वाडीत भराव टाकणारे डंपर येत होते. एक रिकामा झाला की दुसरा मागे मागे येई आणि त्याची ती शीळ सुरू होई. जप दोनदा चुकला.

वत्सला बागेतून आली. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. "दादा, एक विचारायचंय. राजेळीची पिल्लं काढलीत मी, जुन्या बुंध्यांपासून. दहा-पंधरा आहेत. ऊन लागलं की गड्डे सुकतात. पण सुतक आहे. लावणी चालते का?"

मी डोळे मिटले. आयुष्यभर लोकांनी मला असे प्रश्न विचारले आहेत आणि विचारणाऱ्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर माझ्या जिभेवर आलेले आहे. आशौचात शुभकार्य नाही, नवा आरंभ नाही. निषेध सगळे आठवले. अनुज्ञा शोधली. नित्यकर्मात बसवता येईल का, पाहिले. प्राणरक्षणाच्या अपवादात बसवता येईल का, तेही पाहिले. ज्या कारणासाठी ही बाई हे करू इच्छीत होती, त्याचे नाव कोणत्याही प्रकरणात नव्हते.

"चालते," मी म्हणालो.

तिने मान वाकडी केली. मला ती पुरती ओळखते. "कुठे लिहिलंय?"

"कोठेही नाही."

"मग?"

"मी सांगतो म्हणून. पाप असेल तर ते मला लागेल."

"पाप तुलाच का? माझी बाग, माझे हात. अर्धं माझं." तिने एक पिल्लू माझ्या पुढे धरले, मुळ्यांना माती होती, वर एक तलवारीसारखे अरुंद पान. "चल, धर. सरळ धर. खोल घालू नकोस, पाणी लागलं की गड्डा कुजतो."

मी माळ खांबाला अडकवली आणि धोतर खोचले. खड्डा तिने खणलेला होता आणि त्याच्या तळाशी आताच, मार्गशीर्ष लागता लागता, ओल पाझरत होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली. पुढच्या पावसात ही झाडे राहतील, असे मला वाटत नाही. तिलाही वाटत नाही. मी एका हाताने पिल्लू धरले, तिने माती लोटली आणि दोन्ही पायांनी ती दाबून घट्ट केली. पलीकडे डंपर मागे मागे येत होता.

"पुढचं," वत्सला म्हणाली.